दुसऱ्या फेरीतला प्रश्न

जळगावात मी लोकसंख्येचे नकाशे करते. सांगायला सोपं: एकीकडे गावांच्या हद्दी, दुसरीकडे जनगणनेचे आकडे, आणि गावाच्या क्रमांकावरून दोघांची गाठ मारायची. करायला बसलं की नाकी नऊ येतात. मधल्या काळात एका गावाची दोन झालेली असतात. सातपुड्याच्या पायथ्याचे पाडे मुख्य गावात धरलेले असतात, त्यामुळे डोंगरभर विखुरलेली माणसं एकाच जागी कोंबल्यासारखी दिसतात. सावद्याकडचा केळीचा पट्टा गडद, डोंगर फिका. आणि आकडे अजून दोन हजार अकराचेच! ऑफिसातली पोरं कुरकुरतात, "ताई, लोकांना किती दिवस शिळं वाढायचं?" मी त्यांना गप्प बसवते. त्यातला चाळीसगावजवळच्या आमच्या गावाचा आकडा मात्र मला अजून बघवत नाही.

त्यातली आमची गल्ली आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी मोजली होती. ते गावातच मास्तर, म्हणून प्रगणकाचं काम त्यांच्या गळ्यात पडलं. फेब्रुवारीत घरोघर जाऊन त्यांनी माणसं लिहून घेतली. आमच्या घरची तीन: आबा, आई आणि मी. मार्च लागला की पुन्हा एक फेरी असते. दरम्यान कोणी जन्मलं असेल तर वाढवायचं, कोणी वारलं असेल तर कमी करायचं. नेमकी त्या दोन फेऱ्यांच्या मध्ये माझी आई गेली. ताप आला, धुळ्याला नेली, आणि परत आणली ती तशीच.

आबा सुतकात बाहेर पडणार नाहीत असं सगळ्यांनी धरलं होतं. पण बदली माणूस मिळेना, आणि मिळाला असता तरी त्यांनी आपली गल्ली त्याच्या हाती दिली नसती. आदल्या दिवशी मी कडाडून भांडले. "राहू द्या ना तिला त्यात! एका माणसानं काय बुडणार आहे सरकारचं?"

"बठ्ठा लोके असंच म्हनतीन, मंग मोजानं कसाले?" आबा म्हणाले. मला त्यांचा इतका संताप आला की मी भरल्या ताटावरून उठले.

दुसऱ्या दिवशी ते निघाले. दाढी वाढलेली, पाय अनवाणी. सुतक म्हणून उंबऱ्याला शिवायचं नाही, अंगणातूनच विचारायचं, "या घरात मधल्या दिवसांत कोणी जन्मलं का? कोणी वारलं का?" बायका तोंडाला पदर लावायच्या. गल्लीत गेलेलं माणूस एकच, आणि ते विचारणाऱ्याच्याच घरचं. समोरच्या अक्का तर रडतच ओरडल्या, "मास्तर, हाई आम्हले काय इचारतस!"

आमचं घर शेवटचं. स्वतःच्या अंगणातही ते बाहेरच थांबले. घरात कायम अहिराणी बोलणारा माझा बाप मला पुस्तकी मराठीत, अहोजाहो करत म्हणाला, "तुमच्या घरात कोणी वारलं का?"

'नाही' म्हणायचं मी ठरवलंच होतं. घरचे सांगतील तेच लिहायचं, हा त्यांचाच नियम. पण ते पेन उघडून, मान खाली घालून, परक्यासारखे माझ्या उत्तराची वाट बघत उभे होते.

"आई," मी म्हणाले.

त्यांनी रेघ मारली. मग तिथंच मातीत बसून ते ढसाढसा रडले. मीही त्यांच्या शेजारी जाऊन बसले.

आता नव्या जनगणनेची घरयादी सुरू झाली आहे. आबा थकलेत, माझ्याकडेच असतात. परवा एक तरुण शिक्षिका मोबाइल घेऊन दारात आली. आबांना कोण आनंद! तिला पंख्याखाली बसवलं, मला चहा टाकायला लावला, "उन्हात डोक्यावर काहीतरी घेत जा" असा दमही भरला. तिनं विचारलं, "घरात राहणारी माणसं किती?"

"तीन," आबा म्हणाले.

मला वाटलं, वयामुळे गोंधळले. "आबा, आपण दोघंच ना?"

"तीन शेतस," ते तिच्याकडेच बघत म्हणाले. "लिख ना बेटा. मागला टाइमले मीच एक कमी करी दिन्हं. आते ऱ्हाऊ दे."

गोंधळ कसला, त्यांना सगळं लख्ख आठवत होतं. ती पोरगी बोट मोबाइलवर धरून माझ्याकडे बघत राहिली. मी नुसती गप्प बसले असते तरी चाललं असतं.

"दोन," मी म्हणाले.

संध्याकाळी मी वाढलेल्या ताटावरून आबा न जेवताच उठले.