जातं नेलं, बी राहिलं

आमचं गाव कुठं म्हणाल, तर मानवतच्या बाजाराला सकाळी गाडी जुंपली की ऊन चढायच्या आत पोचावं, एवढ्या अंतरावर. नाव घेण्यासारखं काही नव्हतं गावात. एक मारुती, एक दर्गा, एक आड, आणि भोवती नजर पोचेल तिथवर काळं रान. राज्य निजामाचं होतं, पण आम्हा पोरींना निजाम ठाऊक होता तो रुपयावरच्या चारमिनारापुरता. बाकी राज्य म्हणजे गिरदावर. तो घोड्यावरून यायचा, पिकं बघायचा, आणि त्याच्या जेवणासाठी कोतवाल घरोघर कोंबडी धुंडत फिरायचा. मदरसा होता तालुक्याला, त्यात उर्दू शिकवायचे. पोरीच्या जातीनं तिकडं जायचं नावच नव्हतं. मी अक्षरं शिकले ती लग्नानंतर, लेकाच्या पाटीवर, भाकरी थापता थापता. म्हणून माझं लिहिणं असं आहे, बोलल्यासारखं. चालवून घ्या.

आता आमच्या गावाची खरी दौलत होती जमिनीच्या आत. पेव. नातीला सांगितलं तर ती म्हणते, आजी, उंदरांचं बीळ का? अगं नाही. पेव म्हणजे जमिनीतलं कोठार. तोंड माणूस कसाबसा उतरेल एवढं आणि खाली पोट रांजणासारखं फुगलेलं. काळ्या मातीत पेव टिकत नाही, उन्हाळ्यात ती भेगाळते. म्हणून पेवं सगळी गावठाणात, पांढऱ्या मातीत. तळाला भुसा, कडेनं कडबा, मधे ज्वारी. तोंडावर फरशी आणि वरून चिखलाचा गिलावा. त्याला ना कुलूप ना कडी. कुणाचं पेव कुठं, हे अख्ख्या गावाला माहीत, आणि तरी कुणी हात लावायचं नाही.

पेव उघडायचं तो दिवस आम्हाला सणासारखा. फरशी सरकवली की आतून असा काही गरम, आंबूस वास यायचा की बायका पदर नाकाला लावायच्या आणि आम्ही पोरं मुद्दाम जवळ जायचो. मग पिंजारीचाचा यायचे. गावाच्या गाद्या पिंजणारे हे चाचा अंगानं काडीसारखे, म्हणून पेवात उतरायचा मान त्यांचा. आधी दोरीला दिवा बांधून खाली सोडायचे. दिवा विझला तर आत हवा वाईट; त्या दिवशी कुणी उतरायचं नाही. दिवा तेवत राहिला तर चाचांच्या काखेत दोर बांधायचा आणि ते 'बिस्मिल्ला' म्हणून खाली जायचे. पहिली पाटी वर आली की त्यांचं सूप आधी भरायचं, मग शेजारच्यांचं, मग आमचं. कडेची ज्वारी काळी पडलेली असायची, ती गुरांना. मधली घरात. त्या पिठाच्या भाकरीला पेवाचा वास लागायचा. पाहुणे तोंड वाकडं करायचे, आम्ही दोन जास्त खायचो.

पण एक गोष्ट पक्की. पेवातली ज्वारी खायची, पेरायची नाही. आत ऊब सुटते आणि बी आतल्या आत मरतं. दाणा दिसायला तसाच टपोरा राहतो, पण मातीत टाकला तर कुजतो. म्हणून बियाण्याची कणसं माय खळ्यावर मळणीच्या आधीच वेचून काढायची. तिचं ते काम कुणी करायचं नाही, आबांनीसुद्धा नाही. दाणे काढून राख चोळून मडक्यात, मडकं कोपऱ्यातल्या कणगीमागं. वर्षभर त्या मडक्याला आमचा हात लागला तर पाठीत धपाटा ठरलेला.

घरात आम्ही म्हणजे आबा, माय, आम्ही भावंडं आणि मोठीमाय. मोठीमाय म्हणजे माझी थोरली चुलती. चुलते लवकर गेले, तेव्हापासून घरातला शब्द तिचा. तोंडानं फटकळ, पण भाकरी वाढताना हात सढळ.

निजामाचं राज्य गेलं त्या सालची गोष्ट. गावोगाव रझाकारांच्या जाळपोळीच्या बातम्या यायला लागल्या. आज या गावातली माणसं उठली, उद्या त्या. जेठाच्या शेवटाला आमच्याही गावानं गाड्या जुंपल्या. वऱ्हाडात, राज्याच्या हद्दीपलीकडं मायचं माहेर होतं, तिकडं जायचं ठरलं. आमचा एक बैल लंगडत होता, त्यामुळं आबांनी बजावलं होतं, वजन बेतानं. गाडीत माणसं, वाकळा, पिठाचं गाठोडं. आणि शेवटी जागा उरली सामानाच्या एका डागापुरती. मायनं बियाण्याचं मडकं आणून ठेवलं. तेवढ्यात मोठीमाय दोन्ही हातांनी जात्याची पाळ लोटत दारात आली.

आबा म्हणाले, "वैनी, ह्ये कशाला? तिथं जाती न्हाईत का?"

"लोकाच्या दारात दळायला बसू का मी? एक दिस देतील, दोन दिस देतील, तिसऱ्या दिशी म्हनतील, आली बया."

"बी न्यायचंय जाऊबाई," माय म्हणाली.

"बी काय तिथं पेरायलीस? पंधरा दिसात माघारी येऊ आपुन. ठिव पेवात."

"पेवात बी?"

"राखंत हाय न्हवं? वरच्या अंगाला, तोंडाशी ठिव. लय शहानी हायस, माज्या तोंडाकडं बघू नगंस, आटप."

मोठीमायपुढं कुणाचं चालणार? जातं गाडीत चढलं. आबांनी गोठ्यातल्या पेवाची फरशी काढली, मडक्याचं तोंड शेणानं लिंपून ते ज्वारीवर ठेवलं, फरशी बसवली, चिखल थापला आणि वरून शेणाचा ढीग ओढला. माय त्या ढिगाकडं बघत उभी राहिली होती, ते मला आठवतं.

पंधरा दिवसांचे महिने झाले. खरीप तिकडंच गेलं, लोकांच्या रानात खुरपायला जाऊन. मोठीमायचं जातं मात्र चालू होतं. तिनं मामाच्या गल्लीतल्या बायांचंही दळून दिलं, त्यामुळं तिची मान ताठ. मग एक दिवस बातमी आली की निजामानं हात टेकले. नवरात्राच्या आधी आम्ही गाडी माघारी वळवली.

गाव बघून मायनं तोंडावर पदर घेतला. माळवदावर गवत वाढलेलं, भिंत एका अंगानं खचलेली. घरात कणगी नाही, भांडं नाही, दाराची फळीसुद्धा नाही. पण शेणाचा ढीग तसाच. पाऊस चांगला पडून गेला होता, रानात वल होती. रब्बीची ज्वारी पेरायची ती आताच; वल उडाली की साल गेलं. आणि बी कुणाकडं? कुणाचं लुटलेलं, कुणी खाल्लेलं. बाजार बसत नव्हता. आमचं एक मडकं, तेही पेवात.

आबा पिंजारीचाचांना बोलवायला गेले तर दार आतून बंद. चाचा गाव सोडून कुठं गेले नव्हते. आम्ही गेलो तेव्हा आमचा जीव भ्यालेला होता, आलो तेव्हा त्यांचा. आबा दाराशी उभे राहून म्हणाले, "चाचा, पेव उगडायचंय. तुमच्याबिगर कोन उतरनार?" बऱ्याच वेळानं कडी निघाली.

चाचांनी दिवा सोडला. तोंडाशी होता तोवर जळला, थोडा खाली गेला आणि विझला. "आज नक्को भाभी," ते मायला म्हणाले, "हवा खराब है. उद्या बघू." पण मडकं वरच होतं. आबांनी पालथं पडून हात घातला आणि ते वर काढलं. मायनं दोन्ही हातांनी घेतलं आणि तिचा चेहराच उतरला. मडकं कोमट होतं, नुकतंच चुलीवरून उतरवल्यासारखं.

शेण फोडून मूठभर दाणे बाहेर काढले. पांढरे, टपोरे. मोठीमाय म्हणाली, "बग, काय झालं न्हाई."

"मेलेला दाना बी असाच दिसतो जाऊबाई."

"मग मी काय करू म्हनतीस?"

"आता जातं पेरा," माय म्हणाली.

तिनं थोरल्या जावेला उलटं बोललेलं मी तेवढंच ऐकलं. मोठीमाय उठून गोठा झाडायला लागली, झाडलेलाच परत झाडला.

मायनं दाणे ओल्या फडक्यात बांधले आणि पुरचुंडी चुलीमागच्या उबदार कट्ट्यावर, भानुशीवर ठेवली. आमच्याकडं बी पारखायची हीच रीत. फडकं सुकू द्यायचं नाही, आणि उगाच उघडून बघायचंही नाही. आबा रोज रानात जाऊन वल बघून यायचे. मूठ वळते का, ढेकूळ फुटतं का. रोज येऊन म्हणायचे, "अजून हाय." पण आवाज रोज थोडा खाली. ऊन कडक पडत होतं. शेजारपाजारचे यायचे आणि चुलीकडं बघून विचारायचे, "आलं का?" जसं काही घरात बाळंतीण आहे.

आणि मोठीमाय? दिवसातून कितीदा ती चुलीपाशी जाऊन फडक्यावर पाणी शिंपडायची. एकदा माय म्हणाली, "बुडवून मारताव का आता?" तर हात मागं घेतला आणि भिंतीला टेकून बसली.

शेवटी मायनं सकाळच्या उजेडात गाठ सोडली. आम्ही सगळे वाकलो. काही दाण्यांना पांढरा कोंब, सुईच्या टोकासारखा. काही नुसते फुगलेले, चिकट. मायनं एकेक दाणा बोटानं बाजूला केला. आले ते इकडं, गेले ते तिकडं. दोन्ही ढिगुल्या जवळजवळ सारख्या.

आबा म्हणाले, "निम्मं मेलं."

"निम्मं जगलंय की भावजी," मोठीमाय म्हणाली. "दोन रानाचं बी एका रानात टाका. दाट पेरा. आडाजवळचं तेवढं पेरा, वरलं ऱ्हाऊ द्या."

मायनं तिच्याकडं बघितलं आणि म्हणाली, "चाडं तुमी धरा जाऊबाई. माजी मूठ बारीक पडती, सवयच तशी हाय. तुमचा हात मोठा."

त्याच दिवशी तिफण जुंपली. लंगडा बैल आणि शेजाऱ्याचा बैल. आबा पुढं हाकत, आणि मागं मोठीमाय चाड्यात, म्हणजे तिफणीवरच्या बी सोडायच्या वाटीत, मूठ सोडत. पेरताना बी जपून सोडायचं असतं, पण त्या दिवशी ती भाकरी वाढायची तसं सोडत होती. माय बांधावरनं ओरडायची, "अजून! अजून!" आम्हाला हसू यायचं.

पुढचे दिवस कुणी त्या रानाचं नाव काढलं नाही. मोठीमाय तिकडं फिरकली नाही. आडावर पाण्याला जाताना तोंड फिरवून जायची. मग एका सकाळी आबा रानातून आले, पाय धुतले आणि जेवायला बसले.

"कसं हाय?" मायनं विचारलं.

"हाय."

"हाय म्हंजी?"

"हिरवे तास दिसायलेत. मधी मधी टक्कल हाय."

"तुमच्या डोस्क्यावानी का?" मोठीमाय आतून म्हणाली.

आबांचा घास हातातच राहिला. माय हसायला लागली, आबा हसायला लागले, आणि मोठीमाय चुलीपुढं बसून, डोळ्याला पदर लावून, धुराला शिव्या देत होती. चूल तर विझलेली होती. मग ती उठली, डोक्यावर पदर घेतला, आणि कुणाला न सांगता आडाकडच्या वाटेला लागली, रान बघायला.