पडद्यावरचा हात

गेम बनवणाऱ्या कंपनीत तिला सगळे मास्तरीण म्हणत, कारण आधी ती शाळेत गणित शिकवायची. आता गोळी कुणाला किती लागावी, याचे आकडे ती ठरवायची. नव्या गेममध्ये नुसता धडाधड गोळीबार नव्हता. खेळता खेळता खेळाडूचं कसबही वाढायचं. सुरुवातीला बंदूक धरलेला हात थरथरायचा आणि अनुभवाचे गुण मिळवून तो स्थिर करावा लागायचा. यावरून शेजारच्या टेबलावरचा सहकारी, आयुष्यात छर्ऱ्याची बंदूकही न धरलेला, रोज तिचं डोकं खायचा.

"माझा नेम पक्का असताना गोळी बाजूला का जाते? लोक शिव्या घालतील!"

"घालू देत. नेम कमवावा लागतो," ती फणकारली, पण मनात धाकधूक होतीच. म्हणून रविवारी तिने वडिलांनाच खेळायला बसवलं. चाळीस वर्षं त्यांनी शिवणकाम केलं होतं. हात कापायला लागले तशी त्यांनी मशीनवर चादर टाकली, ती कायमचीच.

पहिला तासभर त्यांनी भिंतींची नुसती चाळण केली. पण गडी हटला नाही. मिळालेला एकूण एक गुण त्यांनी हात स्थिर करण्यावरच घालवला. संध्याकाळी पडद्यावरचा हात एकदाचा थरथरायचा थांबला. शत्रू धावून आला, तरी त्यांनी गोळी झाडली नाही.

"बाबा, मारा ना!"

ते त्या हाताकडे एकटक बघत होते. शत्रूने लोळवलं, तेव्हा कुठे त्यांनी मान वळवली.

"पोरी, या हातात सुई देता येईल का गं?"