ढोलीचा पत्ता

घड्याळजींचं दुकान बोळाच्या तोंडाशी, जेमतेम दोन खुर्च्यांचं. आठवडाभर डोळ्याला भिंग लावून घड्याळं उघडायची आणि रविवारी गळ्यात दुर्बीण अडकवून रान गाठायचं, असं तीस वर्षं चाललं. रानातून रस्ता जाणार हे कळल्यावर मात्र दुकानाला वरचेवर कुलूप दिसू लागलं. अर्ज, सह्या, कचेरीच्या खेपा.

"पाखरांना तरी तुम्ही दिसता, आमच्या नशिबी तेही नाही," असं बायको म्हणायची. पण सह्यांसाठी अख्खी आळी पालथी घातली ती तिनेच.

सुनावणीत अधिकारी बाईंनी सरळ विचारलं, "धनेशाची घरटी आहेत म्हणता, तर नकाशावर खूण करा. पुरावा नसेल तर रस्ता होणार."

"खूण केली तर?"

"नकाशा बाहेर फलकावर लागतो. नियम आहे. दोन दिवस देते."

घरी त्यांनी जेवणाचं ताट बाजूला सारलं. धनेशाची मादी झाडाच्या ढोलीत स्वतःला कोंडून घेते. फटीतून नर भरवील तेवढ्यावरच तिचं आणि पिलाचं पोट. सात वर्षांमागे घड्याळजींनीच कौतुकाने एका ढोलीचा पत्ता वर्तमानपत्रात दिला होता. माणसं कॅमेरे घेऊन लोटली, बुजलेला नर फिरकला नाही. आत मायलेकरं मेली. हे त्यांनी आज पहिल्यांदा बायकोला सांगितलं.

तिने विचारलं, "देवापुढे कबूल केलंत?"

"रोज करतो."

"मग माणसांपुढे करा. तीच ढोली दाखवा. तिथलं आता कोण काय नेणार?"

"अगं, लोक तोंडात शेण घालतील."

"घालू देत. बाकीची पाखरं तरी वाचतील."

दुसऱ्या दिवशी त्यांनी नकाशावर एकच खूण केली. सोबत वर्तमानपत्राचं कात्रण जोडलं आणि घडलं ते स्वतःच्या सहीने लिहून दिलं. बाकीच्या ढोल्या का सांगत नाही, तेही लिहिलं.

बाईंनी कागद दोनदा वाचला. "हाही फलकावर लागेल हं."

"लावा."

विणीचा हंगाम संपेपर्यंत काम थांबवावं, मग पाहणी करावी, असा शेरा पडला. रस्ता काही रद्द झाला नाही. लोक फलकाशी थांबून वाचत. दोघाचौघांनी दुकानात येणं सोडलं. एकजण आला तो, "काय हो शिकारी, झालं का घड्याळ?" म्हणतच. घड्याळजींनी काटा बसवून घड्याळ त्याच्या हातात दिलं.

त्या हंगामात ते एकाही रविवारी रानात गेले नाहीत. कोणी मागोमाग आलं असतं.