कोपर ते मनगट

वादिराज डॉक्टर नव्हता. लोकांना मात्र तो तसा वाटायचा, कारण तो शरीररचनाशास्त्र शिकवायचा आणि सायकलच्या कॅरियरला पांढरा एप्रन अडकवून हिंडायचा. त्या वर्षांत तंजावुरात खाजगी कॉलेजं भराभर निघत होती. बसस्टँडजवळ फिजिओथेरपीचं एक निघालं, खाली मोटारसायकलींची शोरूम आणि वर वर्ग. वादिराज सरकारी कॉलेजातली हंगामी नोकरी सोडून तिथं गेला. राजवाड्यामागच्या गल्लीतल्या भाऊबंदांना हे धाडस वाटलं. त्याला स्वतःला फार बरं वाटलं होतं.

हाताचा पाठ त्याच्या खास आवडीचा. बाही कोपरापर्यंत दुमडून तो मुलांसमोर हात धरायचा. "बोटं वाकवणारे मुख्य स्नायू बोटांत नसतात. ते इथं, कोपराखाली असतात. बोटांपर्यंत पोचतात त्या नुसत्या दोऱ्या." मग तो एकेक बोट वाकवायचा आणि मुलं त्याच्या कातडीखाली सरकणारं मांस बघत बसायची.

परीक्षा संपून शाळेला सुट्टी लागली, तशी त्याची बायको कनकलता नऊ वर्षांच्या कीर्तनाला घेऊन माहेरी ओरत्तनाडूला गेली. एका सकाळी कॉलेजच्या ऑफिसात तिचा फोन आला. ती एसटीडी बूथवरून बोलत होती.

"कीर्तना काल संध्याकाळी छत्रम धर्मशाळेच्या कट्ट्यावरून पडली. उजवं कोपर मोडलंय. वैद्यरनी बांधून दिलंय, पण पोर रात्रभर रडतेय."

"कोपर दुखतं म्हणते?"

"नाही. खाली, मनगटाकडे दुखतं म्हणते. बोटं सरळ करू देत नाही. हात लावला की किंचाळते."

वादिराजने फोन ठेवला. मनगटाला काही लागलं नसताना बोटं सरळ करताना जीव जातोय, याचा अर्थ त्याला ठाऊक होता. त्याने शोरूमच्या मालकाची मारुती व्हॅन मागून घेतली आणि ड्रायव्हरला वाटेत कुठंही थांबू दिलं नाही.

सासूबाई गंगाबाई तिण्णैवर, म्हणजे ओसरीच्या कट्ट्यावर, नातीला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. वैद्यर त्यांच्या विश्वासाचे. खुद्द गंगाबाईंचं मनगट त्यांनीच बसवलं होतं आणि ते सरळ जुळून आलं होतं. कीर्तनाच्या हाताला बांबूच्या पट्ट्या होत्या, वर उडदाच्या पिठाचा आणि अंड्याचा लेप दिलेलं कापड. त्या घरात अंडं कधी आलं नव्हतं, पण नातीसाठी गंगाबाईंनी तेही तिण्णैवर येऊ दिलं होतं. लेप वाळून दगडासारखा झाला होता. बाहेर डोकावणारी बोटं सुजलेली, काळपट आणि आत वळलेली होती. पोर आता रडत नव्हती. तिच्यात रडायचं त्राणच उरलं नव्हतं.

"कीर्ती, मी एकच बोट हलवतो."

त्याने मधलं बोट जेमतेम उचललं आणि ती अशी ओरडली की शेजारचे बाहेर आले.

"हे कापून काढायला हवं," तो म्हणाला.

"वैद्यरना न विचारता?" गंगाबाई म्हणाल्या. "वादिराज, जिवंत माणसाचं हाड तुम्ही कधी बसवलंय?"

"नाही."

"मग?"

त्याने घरातली मोठी कात्री घेतली आणि कापायला लागला. कनकलताने दंड धरून ठेवला. शेवटची पट्टी निघाली तरी बोटांवर रंग आला नाही. कोपरापासून मनगटापर्यंतचा हात चकचकीत ताणलेला होता आणि लाकडासारखा टणक लागत होता.

त्याच व्हॅनने ते तिला तंजावुरात घेऊन आले. तिथं कल्याणराम नावाचे हाडांचे डॉक्टर होते. त्यांनी हात एकदाच दाबून पाहिला. "कोपरापासून मनगटापर्यंत उघडायचा आणि काही दिवस उघडाच ठेवायचा. आत्ताच."

"मोडलंय कोपर," कनकलता म्हणाली. "मग चांगला हात का चिरता?"

वादिराजने तिला बाकावर बसवलं. स्नायूंभोवती एक जाड आवरण असतं, ते ताणत नाही, त्याने सांगितलं. आत सूज आली की तिला पसरायला जागा नसते. मग ती रक्ताची वाट दाबते आणि मांस आतल्या आत मरायला लागतं. वर्गात हे त्याने किती तरी वेळा सांगितलं असेल, आज त्याची जीभ अडखळत होती.

"एवढं ठाऊक आहे तुम्हाला," ती म्हणाली. "मग हात वाचेल की नाही तेवढं सांगा."

मग तीच उठली आणि डॉक्टरांना म्हणाली, "करा."

शस्त्रक्रिया करून बाहेर आल्यावर कल्याणराम भिंतीला टेकले. "वरचा थर लाल झाला. खालच्या थरातल्या स्नायूंना चिमटा लावून पाहिला. हलले नाहीत. मेलेत."

खालचा थर म्हणजे हाडाला चिकटलेले दोन स्नायू. एक बोटांची टोकं वाकवणारा, दुसरा अंगठ्याचं. वादिराजला त्यांची नावं पाठ होती. तो जिन्याखाली सायकलींच्या मागे जाऊन उभा राहिला आणि तोंडात रुमाल कोंबून रडला.

पुढं मांडीची कातडी काढून हातावर लावली. बोटं आखडू नयेत म्हणून ती रोज ताणायची होती आणि ते काम वादिराजकडे आलं. तो ताणायचा, कीर्तना ओरडायची, कनकलता नळ सोडून परसात उभी राहायची. काही आठवड्यांनी बापाच्या सायकलची घंटा ऐकली की पोर खाटेखाली शिरायला लागली. तो तिला ओढून काढायचा. गंगाबाई एकदा येऊन राहिल्या. "बांधायला मीच सांगितलं," असं त्या पुन्हा पुन्हा म्हणत. त्यांच्यावर चिडायचीही ताकद त्याच्यात नव्हती. कॉलेजात त्याने हाताचा पाठ दुसऱ्याला देऊन टाकला. फॉर्मॅलिनच्या बरणीतला हात बाहेर काढताना त्याला ओकारी आली होती.

वर्षभराने मद्रासच्या एका डॉक्टरांनी दुसरी शस्त्रक्रिया केली. कोपर वाकवायला मदत करणारा एक स्नायू हाताच्या बाहेरच्या कडेने मनगटापर्यंत उतरतो. त्याची दोरी सोडवून त्यांनी अंगठ्याच्या दोरीला जोडली. प्लास्टर निघाल्यावर तिथली व्यायाम शिकवणारी बाई कीर्तनासमोर बसली. वादिराज पुढं झाला.

"अप्पा नको," कीर्तना म्हणाली.

तो दारापाशी जाऊन थांबला.

"अंगठ्याकडे बघू नकोस," बाई म्हणाली. "कोपर वाकव. मी धरून ठेवते, तू वाकवायला बघ."

कीर्तनाने दात आवळले. काही झालं नाही. पुन्हा केलं. मग अंगठ्याचं टोक हललं, झोपेत हलावं तितकंच. वादिराजने दाराची चौकट घट्ट धरली.

कीर्तना आता उजव्या हाताने पेला उचलते, सदऱ्याची बटणं लावते. इतर बोटांची टोकं वाकली नाहीत, वाकणारही नाहीत. लिहायला ती मधल्या काळात डाव्या हाताने शिकली, ते तसंच राहिलं. व्यायाम ती स्वतः करते, दार लावून. बापाशी बोलते, हसते, त्याच्या ताटातला अप्पळम-पापड पळवते. पण उजवा हात त्याला धरू देत नाही. रस्ता ओलांडताना त्याच्या दुसऱ्या बाजूला येते आणि डावा देते.