अक्काचं इष्टलिंग आणि तपकिरी चरबी

कलबुर्गीच्या एका दवाखान्यात मी एमआरआयचं मशीन चालवतो. मागच्या हिवाळ्यात आमच्या डॉक्टरांनी तपकिरी चरबीचा अभ्यास हाती घेतला. ही चरबी मानेपाशी थोडीशीच असते आणि थंडी वाजली की स्वतः जळून अंगाला ऊब देते. ती बघायला माणसाला गार पाण्याचं जाकीट घालून मशीनमध्ये झोपवायचं. सडपातळ बाया मिळत नव्हत्या. एक मी आणतो, असं सांगून बसलो आणि आळंदहून माझ्या थोरल्या बहिणीला, अक्काला बोलावलं. आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं. मी बोलावलं की ती कामून म्हणून विचारत नाही.

फोनवर सगळं सांगितलं, एक सोडून. आम्ही लिंगायत. अक्काच्या गळ्यातली इष्टलिंगाची चांदीची डबी दीक्षेपासून अंगावेगळी झालेली नव्हती, आणि मशीनच्या चुंबकापाशी धातूचं काही नेता येत नाही. सांगितलं असतं तर ती आली नसती.

कपडे बदलताना सांगितलं. 

"मेल्यावर बी काढत न्हाईत रे. अन् तू जित्तेपणी काढ म्हणायलास?"

डबीतलं नुसतं लिंग काढून कापडात बांधलं तर चालेल का, म्हणून डॉक्टरांना विचारून आलो. लिंगावरच्या काळ्या लेपात कसला धातू मिसळलाय कुणास ठाऊक, नको, म्हणाले. जबरदस्ती नाही, परत पाठवा, असंही म्हणाले. हे दुसरं मी अक्काला सांगितलं नाही.

तिनं डबी माझ्या तळहातावर ठेवली.

"तुझ्या हातात तरी ऱ्हाऊ दे. खाली ठेवू नकोस."

काचेअलीकडे बसून, डावी मूठ मिटून मी काम सुरू केलं. दहा मिनिटांत तिनं आतून घंटी दाबली. बोलायचं बटण धरायचं आणि मशीनही थांबवायचं, म्हणून डबी टेबलावर ठेवली. थंडी वाजायलीय, म्हणाली. थोडंच राहिलंय, असं मी खोटं सांगितलं. पुढचा पाऊण तास डबी तिथंच होती. मध्ये दोनदा हात मोकळे झाले, तरी उचलली नाही. का, ते मला आजही सांगता येत नाही.

अक्का कुडकुडत राहिली, त्यामुळे चित्रं हलली. डॉक्टरांनी सगळी बाद केली.

ती बाहेर येताना मी घाईनं डबी उचलली. एसीच्या वाऱ्यात डबी थंडगार पडली होती.

"हातातच होती न्हवं?"

"व्हय अक्का."

तिनं डबी डोळ्यांना लावली आणि गळ्यात बांधली.  तिचे हातही गारच होते, तिला कळलं नसेल, असं मी स्वतःला समजावत असतो.