डोहाळे पुरवले

डोहाळे हा शब्द माझ्यासमोर कुणी लाडाने उच्चारला की मी उठून आत जाते. सुना म्हणतात, सासूबाईंना कसलं म्हणून कौतुक नाही. नसेल.

सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या आमच्या घरात एरवी बाईला काही हवंसं वाटलं तर त्याला चोचले म्हणत, थेरं म्हणत, फारच झालं तर हावरेपणा. तीच बाई पोटुशी राहिली की तेच हवंसं वाटणं एकदम डोहाळे व्हायचं आणि सगळं घर ते पुरवायला धावायचं. डोहाळे पुरवले नाहीत तर पोराच्या तोंडातून लाळ गळते, अशी सगळ्यांची खात्री. म्हणजे ऐकायचं ते पोटातल्याचं, बाई नुसती निरोप सांगणारी. माझी पहिली खेप होती तेव्हा मला हे नीट कळलं, आणि ते वापरायचं मी ठरवलं.

थोरल्या जाऊबाई वैरागच्या. लग्नाला बरीच वर्षं झाली तरी त्यांना मूल नव्हतं. माझ्या लग्नात त्यांच्या माहेरून आलेलं आहेराचं लुगडं सासूबाईंना हलकं वाटलं, आणि तेव्हापासून जाऊबाईंचं माहेरी जाणं बंद झालं. एका लुगड्यापायी! त्यांची आई गुडघ्यांनी अधू, तिला सोलापूरला येणं जमत नव्हतं. जाऊबाईंना तिला एकदा डोळ्यांनी बघायचं होतं, बाकी काही नको होतं. शेजारच्या साळ्यांचे माग दुपारचे थांबले की सासूबाईंचे पाय चेपता चेपता त्या विषय काढायच्या.

“आत्याबाई, दोन दिस जाऊन येऊ का?”

“बाळंतपणाला जाशील की. तवा कोन अडवतंय तुला?”

हे सासूबाई हसत हसत म्हणायच्या. मला त्या हसण्याचा जो राग यायचा तो अजून गेलेला नाही.

मला पाचवा महिना लागला आणि सासूबाईंनी जवळ बसवून विचारलं, काय खावंसं वाटतं? खरं तर मला करपलेल्या भाकरीचा पापुद्रा तेवढा हवा होता. पण मी म्हणाले, “हुरडा. वैरागला, जाऊबाईंच्या शेतात बसून. त्यांनीच भाजलेला.” ज्वारी नुकती हुरड्यात आली होती. पलीकडे जाऊबाई पीठ मळत होत्या, त्यांचे हात थांबले.

सासूबाई माझ्या वरताण. “पोटुशीनं मोटारीत आदळत कशाला जायाचं? हुरडाच हितं आनवू की.”

झालं. थोरल्या दिरांनी बाजारात भेटलेल्या वैरागच्या गाडीवानाजवळ निरोप ठेवला की घरात डोहाळे लागलेत, चांगला हुरडा पाठवा. कुणाला लागलेत ते सांगायचं त्यांना सुचलं नाही. आणि वैरागला त्या निरोपाचा एकच अर्थ लागला. वैरागच्या हुरड्याचे डोहाळे वैरागच्याच लेकीला लागणार, दुसऱ्या कुणाला?

पुढच्या बाजाराला जाऊबाईंचा भाऊ दारात उभा. ओल्या फडक्यात बांधलेली कणसं त्याने सासूबाईंपुढे ठेवली, आणि एक छोटं गाठोडं मात्र थेट बहिणीच्या हातात दिलं. तोंडभर हसत होता.

“आय लई रडली गं. देवाला नारळ फोडला. मला म्हनली, आदी चोळी दे, मग बाकीचं बोल.”

गाठोड्यात हिरवा खण होता. पहिलटकरणीला माहेरनं गुपचूप द्यायची चोरचोळी. त्याच्या घडीत हळकुंड ठेवलं होतं. म्हातारीने तो खण कधीपासून जपून ठेवला होता कोण जाणे.

“आरं बाबा,” सासूबाई म्हणाल्या, “डोहाळं धाकटीला लागल्यात. हिचं कुटलं एवढं नशीब?”

भाऊ बहिणीकडे बघत राहिला. जाऊबाईंनीच कुंकवाचा करंडा आणला, मला पाटावर बसवलं आणि तो खण माझ्या ओटीत घातला. भावाला पाणी दिलं. तो चहाला थांबला नाही.

मग त्यांनी अंगणात गोवऱ्यांच्या आरावर कणसं भाजली, हात पोळत चोळून हुरडा काढला. ताट माझ्यापुढे आलं तसं सासूबाईंनी त्यांना आत पिटाळलं. वांझेची नजर डोहाळ्यांवर पडू नये म्हणे. त्यांच्या बापाच्या रानातला दाणा, त्यांनीच भाजलेला, आणि चव बघायचीही चोरी. “खा, न्हायतर पोराची लाळ गळंल,” सासूबाई समोर बसून म्हणत होत्या. खाल्ला मी. गोड होता, हेच मला सहन होत नव्हतं.

मुलगा झाला. बारशाच्या गडबडीत सासूबाई इतक्या खुशीत होत्या की न मागता, चार बायकांसमोर, थोरलीला म्हणाल्या, “जा गं आता वैरागला. चांगली आठ दिस ऱ्हा आयजवळ.”

जाऊबाई पाळण्याची दोरी ओढत होत्या. ती त्यांनी थांबवली नाही.

“नगं आत्याबाई,” त्या म्हणाल्या. “आता आय माज्या तोंडाकडं न्हाय बगायची. पोटाकडं बगंल.”