कोपऱ्यातला ढीग

इतवारी बाजाराच्या मागच्या गल्लीत त्या लाकूडवाल्याची टाल होती. तेव्हा आमच्या घरी गॅस आला नव्हता, त्यामुळे त्याच्याशी नेहमी गाठ पडे. जंगलातून नवा माल आला की आधीचं लाकूड तो पुढे ओढायचा आणि नवं मागे रचायचा. गिऱ्हाइकाला "पुन्हा या" मात्र कधीच म्हणत नसे. वजन झालं की मान फिरवायचा.

पावसाळ्यात झड लागली की ट्रक वाटेतच अडकत. तेव्हाही ताडपत्रीखाली झाकलेला वाळक्या लाकडाचा एक ढीग तो कोणालाच देत नसे. एकदा लग्नाचा एक आचारी हट्टालाच पेटला.

"कोणासाठी ठेवलं गा हे?"

"ज्याचं हाये, तो अजून आला नाही."

पुढे अशाच एका झडीत माझे वडील गेले. मी टालीवर पोचलो. त्यानं माझं तोंड पाहिलं आणि ताडपत्री बाजूला सारली. त्या लाकडामुळेच भर पावसात चिता पेटली.

तिसऱ्या दिवशी अस्थी गोळा करून परतताना तो दिसला. झड चालूच होती. सायकलवर घरचं जळतन आणून तो रिकामा कोपरा भरत होता.

"घरचं काहून आणून राहिले, भाऊ?"

"घरची चूल एखादा दिवस थांबते," तो म्हणाला. "हे थांबत नाही."

त्यानं ताडपत्री घट्ट बांधली आणि मान फिरवली. "येतो" हा शब्द माझ्या अगदी ओठावर आला होता. तो न उच्चारताच मी निघालो.